शिकारी रिव्हॉल्व्हरची अचूकता व हातभरणीची काडतुसे : चाचणीचे संख्याशास्त्र

१. विषयप्रवेश

एखादी बंदूक वा पिस्तूल ‘अचूक’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? वरवर पाहता हा प्रश्न नेमबाजाच्या अनुभवाचा वाटतो. परंतु थोडे खोलात शिरले म्हणजे तो अनुमानशास्त्राचा आहे, हे ध्यानात येते. मूठभर निरीक्षणांवरून एका अदृश्य राशीविषयी विधान करावयाचे आणि त्या विधानावर विसंबून पुढील कृती करावयाची, हे कार्य पिकांच्या प्रयोगक्षेत्रात, औषधांच्या परीक्षेत व कारखान्यातील मालाच्या तपासणीत जसे करावे लागते, तसेच ते येथेही करावे लागते.

प्रस्तुत लेखात मोठ्या व्यासाचे शिकारी रिव्हॉल्व्हर आणि त्यासाठी हाताने भरलेली काडतुसे हे उदाहरण घेतले आहे. ते घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, या शस्त्राच्या रचनेत विखुरणीची कारणे एकमेकांपासून वेगळी काढून दाखविता येतात. विद्यार्थ्याला प्रचरणाचे विश्लेषण शिकविण्यास याहून सुबक उदाहरण विरळाच. दुसरे असे की, येथे चुकीच्या अनुमानाची किंमत कागदावर राहत नाही. अपुऱ्या चाचणीवर भिस्त ठेवून झाडलेली गोळी जनावरास ठार न करता जायबंदी करते, आणि ते रानात जाऊन झुरत मरते. संख्याशास्त्रातील ‘नमुन्याचा लहानपणा’ हा दोष अशा प्रकारे एका जिवाच्या यातनेत रूपांतरित होतो.

२. पूर्वपीठिका

ज्यास आज ‘हातभरणी’ म्हणतात ती रीत नवी नव्हे. कारखान्यात तयार झालेले धातूचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. तत्पूर्वी प्रत्येक बार हा हातानेच भरलेला असे. आपल्या शहरापासून जवळच असलेल्या दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. मेंढ्याच्या मस्तकाचा आकार दिलेली, औरंगजेबाचे नाव असलेला फारसी लेख अंगावर वागविणारी आणि ‘किल्लेशिकन’ म्हणून उल्लेखिलेली ही तोफ पाहणाऱ्याचे लक्ष तिच्या आकाराकडे जाते. परंतु तोफचीची खरी अडचण आकाराची नव्हती, समानतेची होती. दारूचे माप, तिची ओल, ठासणीचा जोर, गोळा आणि नळी यांमधील फट यांपैकी प्रत्येक गोष्ट बारागणिक बदले, आणि तितक्या प्रमाणात गोळ्याचे पडणेही बदले.

हीच गोष्ट ठासणीच्या बंदुकीची. पिकांच्या राखणीसाठी अशी बंदूक बाळगण्याची सोय १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही ठेवलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतणे, गजाने ठासणे, गोळी वा छर्रे सोडणे आणि टोपी चढविणे हा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हातभरणीचे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. ‘बार फुसका निघाला’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार त्याच अनुभवातून आलेला आहे.

मोठ्या व्यासाच्या शिकारी पिस्तुलाचा इतिहासही या देशाशी जोडलेला आहे. हत्तीवरून वाघाची शिकार करताना चवताळलेला वाघ हत्तीवर झेपावला, तर अगदी जवळून झाडण्यासाठी ब्रिटिश शिकारी जाड नळीचे, बहुधा दोन नळ्यांचे आखूड पिस्तूल जवळ ठेवीत. आपल्या ‘हौदा’ या शब्दावरूनच इंग्रजीत त्यास ‘हौदा पिस्तूल’ हे नाव पडले. मात्र ते हातभर अंतरावरील शेवटच्या क्षणाचे साधन होते. अचूकतेचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. तो उद्भवला अमेरिकेत, विसाव्या शतकात, जेव्हा रिव्हॉल्व्हरने मुद्दाम दूरवरच्या जनावराची शिकार करण्याची प्रथा पडली. १९३५ साली ‘.३५७ मॅग्नम’ हे काडतूस निघाले. आयडाहो प्रांतातील एल्मर कीथ या शिकारी-लेखकाने ‘.४४ स्पेशल’ या काडतुसाच्या हातभरणीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले व त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५-५६ च्या सुमारास ‘.४४ मॅग्नम’ बाजारात आले. पुढे ‘.४५४ कॅसल’ आणि २००३ साली ‘.५००’ मॅग्नम येथपर्यंत ही परंपरा वाढली. म्हणजे या शाखेतील एक प्रमुख काडतूस कारखान्याने काढण्यापूर्वी त्याची कल्पना हातभरणी करणाराच्या मेजावर सिद्ध झालेली होती.

अचूकतेच्या मोजमापास शास्त्राचे रूप देण्याचा मान बेंजामिन रॉबिन्स यांचा. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी लंबकावर गोळी झाडून तिचा वेग काढण्याची रीत मांडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची व्यवस्था पाहण्यासाठी ते हिंदुस्थानात आले व १७५१ साली कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात निवर्तले.

३. काडतुसाची हातभरणी

काडतुसाचे घटक चार : पितळी कवच, टोपी, दारू आणि गोळी. कवचाचे पितळ साधारणतः सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांचे असते. बार उडाला की कवच फुगून घराच्या भिंतीस चिकटते व वायूची वाट बंद करते. ते फुगलेले कवच साच्यातून दाबून पूर्वीच्या मापाचे करणे, जुनी टोपी काढून नवी बसविणे, दारू मोजून घालणे, गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसविणे आणि कवचाची कड गोळीच्या खाचेत वळविणे, या पाच क्रिया म्हणजे हातभरणी होय.

यांतील शेवटची क्रिया रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. एक बार उडाला असता शस्त्र वेगाने मागे येते. दंडगोलातील उरलेली काडतुसे त्याच्याबरोबर मागे खेचली जातात. परंतु त्यांतील जड गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. कड पक्की वळविलेली नसेल तर गोळी कवचातून पुढे सरकते व दंडगोल फिरणे बंद होते. शिवाय ही वळविलेली कड दारूच्या ज्वलनाच्या आरंभी गोळीस अडवून धरते. ही अडवणूक प्रत्येक काडतुसात सारखी असेल तरच ज्वलन सारखे होते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून काही अंक देतो. ‘.४४ मॅग्नम’च्या नेहमीच्या गोळीचे वजन २४० ग्रेन, म्हणजे सुमारे १५.५ ग्रॅम. ती सुमारे ४०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटली तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १,२४० जूल होते. अमेरिकन उद्योगाच्या मानकाप्रमाणे या काडतुसात चौरस इंचास ३६,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २,४५० पट, इतका कमाल दाब मान्य आहे. एवढा दाब नेमबाजाच्या हातापासून वीतभर अंतरावर उत्पन्न होत असल्यामुळे दारूची जात व वजन ही दारू बनविणाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाबाहेर नेणे म्हणजे आत्मघातास निमंत्रण होय. प्रस्तुत लेखात दारूचे कोणतेही प्रमाण दिलेले नाही. आपला विषय भरणी कशी करावी हा नसून केलेल्या भरणीची परीक्षा कशी करावी हा आहे.

४. विखुरणीची कारणे

लक्ष्यावरील गोळ्यांच्या खुणांविषयी दोन गोष्टी पृथक् केल्या पाहिजेत. खुणांचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर आहे, हा झाला ‘रोख’. त्या आपल्याच मध्याभोवती किती पसरल्या आहेत, ही झाली ‘विखुरण’. रोख माशी व मागील खाच यांची हालचाल करून सुधारता येतो; विखुरण तशी सुधारत नाही. काडतुसाची परीक्षा ती विखुरणीची परीक्षा.

रिव्हॉल्व्हरमध्ये विखुरणीची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण घरांचे. रायफलीस दारूचे घर एकच असते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या दंडगोलात पाच वा सहा असतात. प्रत्येक घर नळीच्या रेषेत किती बिनचूक येते, त्याच्या तोंडाचा व्यास किती आहे, या गोष्टी घरागणिक किंचित भिन्न असतात. तात्त्विक दृष्टीने पाहता सहाघरी रिव्हॉल्व्हर हे एकच नळी वाटून घेणारी सहा शस्त्रे होत. एखादे घर तिरके असेल तर त्यातून सुटलेल्या गोळ्या निराळ्या जागी जमतात, आणि काडतूस कितीही काळजीपूर्वक भरले तरी हा दोष जात नाही. तो कारागिराने दूर करावयाचा दोष आहे.

दुसरे कारण धक्क्याचे. नळी २० सेंटिमीटर व शस्त्राचे वजन १,३५० ग्रॅम धरले, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंतच शस्त्र सुमारे २.३ मिलिमीटर मागे आलेले असते. नळी मुठीच्या वर असल्याने ते केवळ मागे येत नाही, तोंड वर करून वळते. एक दशांश अंश वळण म्हणजे २५ मीटरवर ४.४ सेंटिमीटरांचा फरक. म्हणून मुठीची पकड बदलली, गोळीचे वजन बदलले, वा गोळी नळीत अधिक काळ राहिली, की खुणेची जागा बदलते. जड व मंद गोळी जवळच्या लक्ष्यावर हलक्या गोळीपेक्षा वर लागते, याचे कारण हेच.

तिसरे कारण भरणीच्या असमानतेचे. येथे एक रूढ समज तपासण्यासारखा आहे. वेगमापकावर ज्या भरणीचे वेग एकमेकांशी अधिक जुळतात ती अधिक अचूक, असे मानण्याची चाल आहे. ४०० मीटर वेगाची गोळी, हवेचा अवरोध सोडून दिल्यास, २५ मीटर अंतर ०.०६२५ सेकंदात कापते व तेवढ्यात १.९ सेंटिमीटर खाली येते. वेगात अडीच टक्क्यांचा, म्हणजे १० मीटरचा, फरक पडला तर या घसरणीत केवळ एक मिलिमीटरच्या आसपास फरक होतो. शंभर मीटरवर हाच फरक दीड सेंटिमीटर होतो. तेव्हा रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या अंतरावर वेगमापकाचा अंक हा भरणीच्या काळजीचा पुरावा असला तरी अचूकतेचा पुरावा नव्हे. त्याची साक्ष लक्ष्यानेच दिली पाहिजे.

५. पुंजक्याचे गणित

उभ्या व आडव्या दिशेतील विचलने परस्परनिरपेक्ष, प्रसामान्य व समान प्रमाण विचलनाची आहेत असे गृहीत धरू आणि त्या विचलनास ‘स’ म्हणू. मग मध्यापासून त्रिज्या ‘त्र’ च्या आत गोळी लागण्याची संभाव्यता १ − ई^(−त्र²/२स²) एवढी येते. निम्म्या गोळ्या १.१८ स त्रिज्येच्या आत पडतात, आणि मध्यापासूनचे सरासरी अंतर १.२५ स असते.

नेमबाजांत मात्र निराळे माप रूढ आहे. पाच गोळ्या झाडून परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन खुणांमधील अंतर घ्यावयाचे व त्यास पुंजक्याचा विस्तार म्हणावयाचे. या मापात दोन दोष आहेत. पाचांपैकी तीन खुणांची माहिती ते टाकून देते. आणि गोळ्यांची संख्या वाढेल तसे ते स्वतःच वाढत जाते. फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ साली रायफलधारी व क्षेपणास्त्र-अभियंते यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत या मापांची कोष्टके दिली आहेत. विस्ताराचे सरासरी मूल्य तीन गोळ्यांस २.४१ स, पाचांस ३.०७ स व दहांस ३.८१ स असे येते. म्हणून एकाचा तीन गोळ्यांचा पुंजका दुसऱ्याच्या दहा गोळ्यांच्या पुंजक्याशी ताडून पाहणे निरर्थक होय. शिवाय पाच गोळ्यांच्या विस्ताराचे प्रमाण विचलन त्याच्या सरासरीच्या पाव हिश्श्याहून किंचित अधिक असते.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका रिव्हॉल्व्हरचा खरा ‘स’ २५ मीटरवर २.५ सेंटिमीटर आहे. पाच गोळ्यांचा विस्तार सरासरीने ७.७ सेंटिमीटर येईल. परंतु केवळ योगायोगाने तो ५ सेंटिमीटर वा त्याहून कमी येण्याचा प्रसंग सुमारे दहातून एकदा येतो. आता धनी चार भरण्या करून पाहतो. चारही वस्तुतः सारख्याच आहेत. तरीही त्यांपैकी निदान एकीचा पुंजका ५ सेंटिमीटरच्या आत येण्याची संभाव्यता सुमारे एक तृतीयांश आहे. तो पुंजका पाहून धनी ती भरणी ‘सिद्ध’ मानतो व कागद जपून ठेवतो. त्याने निवडलेली वस्तू उत्तम भरणी नसून उत्तम योगायोग आहे.

पुढील पायरी गंभीर आहे. त्या पुंजक्यावरून तो ‘स’ चे मूल्य १.६ सेंटिमीटर धरील आणि ५० मीटरवर ते सुमारे ३.३ होईल असे मानील. हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग १० सेंटिमीटर त्रिज्येचा धरला, तर त्याच्या हिशेबाने शंभरात ९९ गोळ्या तेथे लागतील. वस्तुतः ५० मीटरवर खरा ‘स’ ५ सेंटिमीटर आहे व संभाव्यता ०.८६ आहे, सात गोळ्यांत एक मर्मस्थानाबाहेर जाईल. १०० मीटरवर तर ती ०.३९ इतकी खाली येते. शंभरात एक आणि सातात एक यांमधील हे अंतर पाच भोकांच्या एका कागदाने निर्माण केलेले आहे.

उपाय असा. प्रत्येक खुणेचे दोन्ही दिशांतील अंतर मोजावे. मध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज करावी. न गोळ्या असल्यास तीस २(न − १) ने भागून वर्गमूळ काढावे. हा ‘स’ चा अंदाज झाला. काय-वर्ग वितरणाने त्याच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा काढता येतात. पाच गोळ्यांस त्या अंदाजाच्या ०.६८ पट ते १.९२ पट, दहांस ०.७६ ते १.४८ पट आणि विसांस ०.८२ ते १.२९ पट अशा येतात. दोन भरण्यांची तुलना करावयाची तर, प्रत्येकी पाच गोळ्यांनी पाच टक्के सार्थकतेवर फरक ठरण्यास एकीचे विचलन दुसरीच्या २.१ पट असावे लागते. प्रत्येकी विसांनी सुमारे १.४ पट पुरते. हातभरणीने साधणारी सुधारणा दुपटीची क्वचितच असते. अर्थात पाच गोळ्यांच्या चाचणीत ती दिसूच शकत नाही. जे दिसते ते बहुधा काहीतरी दुसरेच असते.

६. चाचणीची आखणी

विखुरणीच्या कारणांचे वर्ग बेरजेने एकत्र येतात. नेमबाजाचे विचलन ४ सेंटिमीटर व काडतुसाचे २ असेल तर एकूण ४.४७, काडतुसाचे निम्मे, म्हणजे १ केले तरी एकूण ४.१२. भरणी दुपटीने सुधारली आणि लक्ष्यावर केवळ आठ टक्के फरक दिसला! म्हणून भरणीची परीक्षा हाताने नेम धरून करू नये. शस्त्र यांत्रिक बैठकीत, निदान वाळूच्या पिशव्यांवर, टेकवून करावी. उलट, शिकारीस जाणाऱ्याने अंतिम हिशेब मात्र स्वतःच्या हातांनी झाडलेल्या गोळ्यांवरूनच करावा. रानात बैठक नसते.

घरांचा प्रभाव वेगळा काढण्यास शेतीच्या प्रयोगांची रीत जशीच्या तशी लागू पडते. वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथातून ती भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती दिली. जमिनीचा कस एका वावरातही सारखा नसतो, म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक खंडात पेरावयाचे. तसेच येथे घर हा खंड, भरणी हे वाण. सहा घरांस क्रमांक द्यावेत. चार भरण्या घेऊन प्रत्येक भरणी प्रत्येक घरातून चार वेळा झाडावी. एकूण ९६ बार, प्रत्येक भरणीस २४ व प्रत्येक घरास १६. क्रम यदृच्छ असावा, म्हणजे नळीत साचणारी काजळी, तिचे तापणे, वारा आणि धक्क्याने येणारा शीण यांचा भार एकाच भरणीवर पडणार नाही. कोणत्या घरात कोणती भरणी आहे हे झाडणाऱ्यास ठाऊक नसावे. काडतुसे दुसऱ्याने घालावीत. प्रत्येक खुणेची नोंद घर, भरणी व क्रम यांसह व्हावी.

अशा नोंदींतून एकूण प्रचरणाचे भाग पाडता येतात : घराघरांतील, भरणीभरणींतील आणि अवशिष्ट. घरांचा भाग मोठा निघाला तर दारू बदलत बसण्यात अर्थ नाही. भरण्यांत फरक आढळला नाही, तर तोही निष्कर्षच आहे. मग जी भरणी कमी दाबाची असेल ती घ्यावी. दूर गेलेली खूण ‘हात हलला’ म्हणून मागाहून वगळण्याची मुभा कोणासही नसावी. वगळावयाची असेल तर गोळी लक्ष्यावर पाहण्यापूर्वी, बार उडताच, तसे सांगितलेले असले पाहिजे. आणि किती बार झाडावयाचे हे आरंभीच ठरवावे. मनाजोगा पुंजका आला की थांबणे ही चाचणी नव्हे.

या परीक्षेत एक मूलभूत मर्यादा आहे : ती विनाशक आहे. जे काडतूस तपासले ते उरत नाही, आणि जे उरले ते तपासलेले नसते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेपर्यंत, जेथे जेथे दारूगोळ्याची परीक्षा होते तेथे तेथे ही अडचण आहे. उरलेल्या मालाविषयीची खात्री ही नेहमीच नमुन्यावरून केलेली खात्री असते. म्हणून भरणीची समानता हीच नमुन्याच्या प्रामाणिकपणाची पहिली अट होय.

७. समारोप

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची प्रथा संपुष्टात आणली. आणि शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनविणे तर राहोच, धंदा म्हणून त्याची चाचणी घेण्यासही परवाना लागतो. तेव्हा येथील वाचकास या विषयाचे महत्त्व शस्त्रापेक्षा पद्धतीत आहे. लक्ष्यावरील सर्वांत लहान पुंजका हा सर्वांत दुबळा पुरावा असतो, कारण तो निवडलेला असतो. प्रयोगशाळेतील अनेक आवृत्तींतून ‘चांगली’ तेवढी प्रबंधात घेणारा विद्यार्थी आणि तो कागद जपणारा शिकारी यांची चूक एकच आहे. शिकाऱ्याच्या बाबतीत तिचे फळ सातांतील एका जनावराच्या वाट्यास येते. आपल्या बाबतीत ते कोणाच्या वाट्यास येईल, हे प्रत्येक संशोधकाने आपल्या विषयापुरते तपासून पाहावे.